वाचक विचारतात: एसीएलचं ऑपरेशन, दोरी कुठून आणि बोगदा कुठे?

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकी बांधणारी, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद अशी एक दोरी असते, ती एसीएल. नडगी पुढे घसरू न देणं आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा आतून फिरू न देणं, ही तिची दोन कामं. ती तुटली की ऑपरेशनात शरीरातलीच दुसरी कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढून, दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांत ओवून तिच्या जागी बसवतात. या नव्या दोरीला ग्राफ्ट म्हणतात. या खेपेची सगळी पत्रं ही दोरी तुटलेल्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. नावं वगळली आहेत.

प्रश्न: वय २२, लालबागच्या एका संघातून कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. मॅटवर पाय रोवून वळताना आतून ‘कट्’ झालं आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलंय, आतल्या बाजूची गादीही (मेनिस्कस) फाटली आहे. एक डॉक्टर म्हणतात मांडीच्या मागची शीर वापरू, दुसरे म्हणतात वाटीखालची पट्टी. संघातल्या एकाची तर घोट्याजवळून काढली. बरोबर कोण?

उत्तर: तिन्ही जागा चालतात, वाटीच्या वरची चौथीही आहे. प्रयोगशाळेत ताणून पाहिलं तर तरुण माणसाचं मूळ एसीएल सुमारे २,१६० न्यूटनला तुटतं, वाटीखालची १० मिलिमीटर रुंद पट्टी साधारण २,९०० ला आणि मांडीमागच्या कंडरांची चारपदरी दोरी ४,००० च्या आसपास. म्हणजे टेबलावर सगळेच ग्राफ्ट मूळ दोरीपेक्षा दणकट. फरक पडतो तो ती दोरी हाडात किती लवकर धरते आणि जिथून काढली तिथे काय उणं राहतं, यात. तेव्हा तुमच्या गुडघ्याला रोज काय करावं लागतं, तिथून सुरुवात करा.

मांडीमागची कंडरा, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते. वाटीच्या खाली, नडगीच्या आतल्या अंगाला ३ ते ४ सेंटिमीटरचा छेद घेऊन सेमिटेंडिनोसस, आणि लागली तर ग्रॅसिलिस, अशा कंडरा मोकळ्या करतात. मग गोल तोंडाची लांब नळी कंडरेवरून मांडीत सरकवून ती सोलून काढतात. इथे एक हमखास फसण्याची जागा आहे. सेमिटेंडिनोससला पोटरीच्या स्नायूकडे जाणारे एकदोन आडवे पट्टे असतात. ते आधी कापले नाहीत तर नळी वाट चुकते आणि २६–२८ सेंटिमीटर मिळायच्या जागी आखूड तुकडा हातात येतो. कंडरा ओढल्यावर पोटरीच्या कातडीला खळगा पडला तर पट्टा अजून शिल्लक आहे, हे ओळखून अनुभवी सर्जन नळी घालायची थांबतो. काढलेली कंडरा दुमडून चारपदरी करतात आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या भोकांच्या ठोकळ्यातून ओवून जाडी मोजतात. तरुण खेळाडूत ८ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका जास्त. साडेसातच भरला तर दोन्ही कंडरा घेऊन पाच-सहा पदर करणं हा उपाय, आणि तो सर्जनच्या मनात आधीपासून असायला हवा. तोटा असा की गुडघा पूर्ण दुमडतानाची शेवटची ताकद कमी होते. चढाईत मागे लाथ झाडताना किंवा जोरात पळताना ते जाणवू शकतं. छेदाच्या बाहेरच्या बाजूला नडगीवर हाताएवढा बधिर पट्टा राहतो. त्याला घाबरू नका, त्वचेची बारीक नस तिथून जाते म्हणून तसं होतं.

वाटीखालच्या पट्टीत मधला १० मिलिमीटरचा भाग दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढतात, वरचा वाटीचा, खालचा नडगीचा, प्रत्येकी २० ते २५ मिलिमीटर. हाड हाडाला धरतं, त्यामुळे बोगद्यात ती सुमारे सहा आठवड्यांत बसते. नुसत्या कंडरेला ८ ते १२ आठवडे लागतात. म्हणून वळणावळणाच्या खेळात अनेक सर्जन हीच पसंत करतात. पण गुडघे टेकले की दुखतं, आणि हे दुखणं काहींना कायमचं राहतं. फरशी बसवणारे, वायरमन, नमाज पढणारे, देवघरापुढे वज्रासनात बसणारे यांना ही पट्टी नको. कबड्डीतही पकड करताना गुडघे मॅटवर आपटतात, हे सर्जनला आपणहून सांगा. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा फुटबॉलर असतो.

वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्स कंडरा जाड असते, साधारण ७ सेंटिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर जाड पट्टी सहज निघते. टेकताना कमी दुखतं. मांडीची पुढची ताकद परत यायला मात्र वेळ लागतो आणि पहिले तीन महिने फिजिओकडे घाम गाळावा लागतो. घोट्यामागची पेरोनियस लाँगस ही कंडरा दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून निघते, बहुतेक वेळा आठ मिलिमीटरपेक्षा जाड भरते आणि गुडघ्याभोवतीचं काहीच कमी होत नाही. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: खाली उरलेलं टोक शेजारच्या ब्रेव्हिस कंडरेला शिवणं, आणि नळी नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याखाली चार-पाच सेंटिमीटरवर थांबवणं, कारण तिथे पाऊल वर उचलणारी नस वळसा घालते. चवड्यावर जोर देऊन उडी घेणाऱ्याची घोट्यातली कंडरा काढायला आम्ही तरी लगेच हो म्हणणार नाही. तीच कंडरा गुडघ्याच्या अनेक दोऱ्या एकदम तुटलेल्या माणसाला वरदान ठरते.

तुमच्यासाठी आमचा कल क्वाड्रिसेप्सकडे, आणि सर्जनचा हात हॅमस्ट्रिंगवर बसलेला असेल तर किमान ८ मिलिमीटरच्या हॅमस्ट्रिंगकडे. जे ऑपरेशन त्या सर्जनने वर्षानुवर्षं केलं आहे, ते त्याच्या हातून जास्त बरं होतं. फाटलेल्या गादीचं काय करणार, हेही विचारा. गादीच्या बाहेरच्या तृतीयांश भागाला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर टाके घालून जुळते. कापून टाकलेली गादी परत येत नाही. टाके घातले तर चिरेच्या प्रकाराप्रमाणे चार ते सहा आठवडे कुबड्या आणि तेवढे दिवस ९० अंशांपलीकडे दुमडणं बंद. नोकरीवर रजा टाकताना हे धरून चाला.

प्रश्न: मी बोरिवलीचा, वय ३१, शनिवारी टर्फवर फुटबॉल खेळायचो. रुग्णालयाने दोन पॅकेजं दिली आहेत, साधं आणि ‘ऑल-इनसाइड’. दुसरं बरंच महाग. ते अधिक चांगलं असतं का?

उत्तर: ‘ऑल-इनसाइड’ हे बोगदे पाडण्याच्या पद्धतीचं नाव आहे, दर्जाचं नाही. नेहमीच्या पद्धतीत नडगीत आरपार बोगदा पाडतात. यात बारीक भोकातून आत गेलेल्या ड्रिलचं पातं सांध्याच्या आत उघडून उलटं ओढत खाच पाडतात. त्यामुळे हाड कमी जातं, ग्राफ्ट आखूड लागतो, म्हणून बहुधा एकाच कंडरेवर भागतं आणि पहिल्या आठवड्यांत दुखणं थोडं कमी. दोन-तीन वर्षांनी दोन्हींचे गुडघे तपासले तर फरक सापडत नाही. महाग पडतं ते ग्राफ्टला हाडाबाहेरून दोरांनी धरणारी दोन बटणं आणि त्या खास ड्रिलमुळे.

याची स्वतःची एक गोची आहे. मांडीच्या हाडातली खाच २५ मिलिमीटर, सांध्यातलं अंतर २५ ते ३०, नडगीतली खाच ३०, म्हणजे एकूण जागा ८० ते ८५. ग्राफ्ट ६५ ते ७० च्या वर असेल तर दोन्हीकडे तळाला टेकतो. मग दोर कितीही आवळा, ग्राफ्ट सैलच राहणार. म्हणून मापं घेऊनच ग्राफ्ट बांधावा लागतो.

तुम्ही खरं विचारायला हवं ते मांडीच्या हाडातल्या बोगद्याबद्दल. पूर्वी तो नडगीच्या बोगद्यातूनच पाडत. ड्रिलचा कोन नडगीने ठरवलेला, त्यामुळे बोगदा मांडीच्या हाडाच्या दोन गोळ्यांमधल्या खोबणीच्या छताकडे, मूळ जागेच्या वर जायचा आणि ग्राफ्ट उभा बसायचा. अशा गुडघ्यात नडगी पुढे ओढून पाहिली तर घट्ट वाटते, पण वळताना गुडघा निसटतो. ‘ऑपरेशन होऊनही पाय दगा देतो’ म्हणणाऱ्या जुन्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट हीच असते. आता बहुतेक जण गुडघा १२० अंशांपर्यंत दुमडून, पुढच्या आतल्या वेगळ्या छिद्रातून मूळ दोरीच्या ठशावरच बोगदा पाडतात. यातही चुका होतात. पाय पुरेसा दुमडला नाही तर बोगदा आखूड पडतो किंवा हाडाची मागची भिंत फुटते. ड्रिल आत नेताना आतल्या बाजूच्या गुळगुळीत कूर्चेला ओरखडा पडू शकतो. बाहेरून आत ड्रिल करणारी तिसरी पद्धत लठ्ठ मांड्यांत आणि दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनात सोयीची.

बटणाबद्दलही दोन शब्द. मांडीच्या हाडाबाहेर आडवं बसणारं हे टायटॅनियमचं बटण ग्राफ्टला दोऱ्याच्या फाशाने लटकवून धरतं. ठराविक लांबीच्या फाशाचा हिशेब असा: बोगदा ४० मिलिमीटर, फासा १५, म्हणजे २५ मिलिमीटर ग्राफ्ट हाडात. पण ग्राफ्टसाठीचं जाड भोक नेमकं २५ वर थांबवलं तर बटणाला बाहेर पडून आडवं व्हायला जागाच उरत नाही. म्हणून आणखी ६ ते ८ मिलिमीटर खोल जावं लागतं. आवळता येणाऱ्या फाशात हा हिशेब सुटतो, पण गुडघा पंधरा-वीस वेळा हलवून पुन्हा आवळावा लागतो, नाहीतर तो सरकतो. बटण हाडाऐवजी स्नायूवर अडकलं की काही दिवसांत ते खाली बसतं आणि ग्राफ्ट ढिला पडतो. ऑपरेशननंतरच्या एक्सरेत बटण हाडाला चिकटलेलं दिसतंय का, हे दाखवायला सांगा. नडगीकडे स्क्रू वापरला असेल तर तो टायटॅनियमचा, विरघळणारा की पीक नावाच्या प्लॅस्टिकचा, हे इम्प्लांटच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ते स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेले हवेत. बिल तपासतानाही तेच कामाला येतात. २०१७ साली सरकारने किमतीवर घातलेली मर्यादा गुडघा बदलण्याच्या सांध्यांवर होती. ती इथे लागू आहे असं समजून भांडायला जाऊ नका.

एक प्रश्न फुकट विचारता येतो: बसवण्याआधी ग्राफ्ट व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकात भिजवता का? १०० मिलिलिटर सलाइनमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध, त्यात बुडवलेलं गॉज ग्राफ्टभोवती गुंडाळून ठेवतात. एवढ्याशा गोष्टीने सांध्यातला जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो.

प्रश्न: मुलगी १७ वर्षांची, राज्य पातळीवर हँडबॉल खेळते. आम्ही मुलुंडला राहतो. तिची तुटलेली दोरीच शिवता येणार नाही का? शिवाय सर्जन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आणखी एक पट्टा घालायचं म्हणत आहेत. एका पोरीवर दोन-दोन ऑपरेशनं कशाला? (आई)

उत्तर: ताई, शिवणं हीच तर मूळ कल्पना. १८९५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यात टाके घातले होते. पुढे १९७६ साली अमेरिकी लष्कराच्या कॅडेटांचे पाच वर्षांनंतरचे निकाल छापून आले आणि नुसते टाके घातलेल्यांपैकी बहुतेकांचे गुडघे पुन्हा डळमळीत असल्याचं दिसलं. कारण साधं आहे. कातडीची जखम भरते ती दोन कडांमध्ये रक्ताची गुठळी धरते म्हणून. सांध्यातल्या चिकट पाण्यात ती गुठळी टिकत नाही, तुटलेली टोकं पाण्यात लोंबकळत राहतात आणि आक्रसतात.

आता दोरी मांडीच्या हाडापासून अगदी वरच्या टोकाला सुटली असेल, उरलेला बुंधा लांब आणि जिवंत असेल, आणि दुखापत ताजी असेल, तर ती परत हाडाला शिवण्याचा पर्याय काही निवडक सर्जन देतात. दोन टोकांमध्ये रुग्णाच्याच रक्ताने भिजवलेला स्पंजासारखा ठोकळा बसवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली. पण दोरी मधोमध तुटली असेल, आणि बहुतेकांची तशीच तुटते, तर साधे टाके कामाचे नाहीत. हँडबॉल खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीवर तो जुगार आम्ही खेळणार नाही.

बाहेरच्या पट्ट्याबद्दल मात्र सर्जन योग्य सांगत आहेत. विशीच्या आतली, वळणाचा खेळ खेळणारी, आणि तिचा गुडघा सरळ केल्यावर थोडा मागे झुकत असेल तर आणखीच, अशा रुग्णांत नवा ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. २०२० साली २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हॅमस्ट्रिंगचाच ग्राफ्ट घातला होता. दोन वर्षांत नुसता ग्राफ्ट घातलेल्यांपैकी ११ टक्क्यांचा तुटला, बाहेरचा पट्टा जोडलेल्यांपैकी ४ टक्क्यांचा. करतात ते असं: मांडीच्या बाहेरच्या जाड पडद्यातून सेंटिमीटरभर रुंद, ८ सेंटिमीटर लांब पट्टी सोडवायची, तिचं खालचं टोक नडगीला तसंच ठेवायचं, पट्टी बाहेरच्या अस्थिबंधाखालून ओढून घ्यायची आणि गुडघा दुमडलेला, पाऊल सरळ ठेवून वर हाडाला पक्की करायची. फार आवळली किंवा पाऊल बाहेर वळवून बांधली तर बाहेरचा सांधा जखडतो. सगळं एकाच भुलीत होतं, वीस-पंचवीस मिनिटं जास्त आणि बाहेरच्या अंगाला एक जादा व्रण. पहिले काही आठवडे बाहेरच्या बाजूला दुखतं.

हाडांच्या वाढीचा एक साधा एक्सरे आधी काढून घ्या. सतराव्या वर्षी मुलींची वाढ बहुधा थांबलेली असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन असतं तर बोगदे कुठून न्यायचे आणि त्यात हाडाचा तुकडा किंवा स्क्रू वाढीच्या रेषेवर येणार नाही ना, हा पहिला प्रश्न ठरला असता.

प्रश्न: वय ४४, चेंबूर. बसमध्ये वाहक आहे. जिन्यावरून पाय मुरगळला, पाच महिने झाले. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचं आलंय. सूज गेली, चालतो व्यवस्थित. ऑपरेशन केलंच पाहिजे का?

उत्तर: एमआरआयच्या कागदाचं ऑपरेशन करत नाहीत. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५९ जणांना आधी फक्त व्यायाम दिले होते. दोन वर्षांत त्यांतल्या २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत ३० जणांनी. बाकीच्यांचं त्याविना निभावलं, आणि गुडघ्याच्या एकूण गुणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. ते सगळे तुमच्यापेक्षा तरुण होते.

तुमचं काम मात्र साधं नाही. हलत्या बसमध्ये गर्दीत उभं राहून, ब्रेक लागताच पाय रोवून अंग वळवणं, हा गुडघ्याला खेळच आहे. तीन महिने नेटाने मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम करा, एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचे तर रोज. त्यानंतरही बसमध्ये किंवा जिना उतरताना गुडघा निसटला, मग तो महिन्यातून एकदा का असेना, तर ऑपरेशन करा. प्रत्येक निसटण्यात आतली गादी आणि कूर्चा कुरतडली जाते. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर तीन महिने थांबू नका. गादीची फाटलेली घडी मध्ये अडकल्याचं ते लक्षण असतं. पालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत अस्थिव्यंग विभाग आहेत, जुना एमआरआय घेऊन बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल.

प्रश्न: हॅमस्ट्रिंग ग्राफ्टला नऊ आठवडे झाले. काही दुखत नाही, पाय दुसऱ्यासारखाच वाटतो. गोकुळाष्टमी पंधरा दिवसांवर आहे. वरच्या थरात नाही, निदान खाली बेसला उभा राहिलो तर चालेल का? वय २४, दादर.

उत्तर: नाही. बेसला तर मुळीच नाही, सगळ्या थरांचं वजन तिथेच येतं आणि थर कोसळला की पायही त्याच ढिगात अडकतो.

नववा आठवडा फसवा असतो. बसवलेली कंडरा पहिले काही आठवडे मेल्यासारखी असते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे झिजतात, नवे विणले जातात. या अदलाबदलीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट सर्वांत कमकुवत असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते आणि दुखणं थांबलेलं असतं. ग्राफ्टला दुखऱ्या नसा नसतात, तो ताणला जातोय हे तुम्हाला कळणारही नाही.

सध्या पाहायचं ते हे. पालथं झोपून दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि टाचा कुणाला तरी बघायला सांगा. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल तर गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये. पाच अंशांचाही फरक सोडू नका. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून दहा-दहा मिनिटं दिवसातून पाचसहा वेळा बसा. तरी सरळ होत नसेल, शेवटच्या टोकाला काहीतरी अडतंय असं वाटत असेल, तर ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ धरलेली असू शकते. ती दुर्बिणीतून काढावी लागते, आणि ती लवकर काढलेली बरी.

सायकल, बैठका अर्ध्यापर्यंत, एका पायावरचा तोल, हे चालू द्या. पळणं तीन-चार महिन्यांनी, तेही मांडीचा घेर आणि ताकद फिजिओने मोजल्यावर. खेळ नऊ महिन्यांनंतर. २०१६ साली नॉर्वेतल्या रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने घटत गेलं. तारखेबरोबर कसोटीही हवी: एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के. दुसरा पायही या काळात आळसावलेला असतो, हे फिजिओला आठवण करून द्या.

पोटरी अचानक दुखून टणक झाली, किंवा ताप, वाढती सूज आणि गुडघ्यातून पाणी असं काही झालं तर नेमलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: गुडघ्यात बटण आणि स्क्रू आहे. मेट्रोच्या तपासणीत वाजेल का? पुढे एमआरआय काढता येतो का? (अंधेरी)

उत्तर: टायटॅनियमचा एवढासा तुकडा चौकटीतून जाताना सहसा वाजत नाही. हातातल्या यंत्राने वाजलाच तर व्रण दाखवा. एमआरआय निघतो, फक्त काढण्याआधी तंत्रज्ञाला सांगा. धातूच्या आसपास चित्र काळं पडतं, तेवढं रेडिओलॉजिस्ट सांभाळून घेतात.